आतून लावायची कडी

मास्टरांनी दारू सोडण्याचा पहिला प्रयत्न केला तो अगदी धंद्याला शोभेल असा. दुकानातल्या जुन्या तिजोरीत बाटली ठेवली, तिजोरी बंद केली आणि किल्ली पुलावरून कालव्यात फेकून दिली. परत येताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की ज्या शेजाऱ्याशी बरीच वर्षं अबोला होता त्यालाही त्यांनी आपणहून ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारलं. मग दुकानात येऊन त्यांनी ती तिजोरी तारेने उघडली. तिजोरी चांगल्या कंपनीची होती, म्हणून थोडा वेळ लागला.

कुलूपवाल्याचं हेच दुखणं आहे. इतर लोक आपला मोह कपाटात कोंडून किल्ली बायकोच्या हातात देऊ शकतात. मास्टरांच्या बाबतीत किल्ली कोणाकडे आहे याला काही अर्थच नव्हता. ‘मास्टर की’वरून सगळे त्यांना मास्टर म्हणायचे, आणि नवीन आलेली माणसं त्यांना शाळामास्तर समजून आपल्या मुलांच्या तक्रारी सांगायची. मास्टर त्याही ऐकून घ्यायचे. तोंडाला वास येत असला की ऐकून घेतलेलंच बरं.

धंदा शिकवताना वडिलांनी त्यांना एकच नियम घालून दिला होता. "दाराला कुलूप असलं तर माणूस बाहेर गेलाय. कडी असली तर माणूस आत आहे. कुलूप उघडायचं. कडी वाजवायची, आणि थांबायचं." मास्टरांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मोडल्या. शब्द मोडले, कपबश्या मोडल्या, एकदा साडूच्या घरची वेताची खुर्ची मोडली. पण हा नियम मोडला नाही.

त्यामुळे बायकोने दाराला आतून कडी बसवली तेव्हा मास्टर खऱ्या अर्थाने अडकले.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि याला खरोखर दिसतंय कुठपर्यंत अन् अंदाजाने ठोकून देणं सुरू झालंय कुठून, हे ओळखायचं, हे तिचं काम. अशा बाईशी खोटं बोलत संसार करायचा म्हणजे माणसाच्या अंगात दांडगा उत्साह लागतो. मास्टरांच्या अंगात तो होता. गिऱ्हाइकाने फारच आग्रह केला, दात दुखत होता म्हणून नुसती गुळणी केली, हा वास माझा नाही, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचा आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एका सुट्टीच्या दिवशी बाजारातून कडी आणली, नवऱ्याच्याच पिशवीतून नवऱ्याचाच स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्वतःच्या हाताने ती दाराला बसवली. कुलूप बदललं असतं तर नवऱ्याने ते शीळ घालत उघडलं असतं. कडीची गोष्ट तिने सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली होती.

त्याच संध्याकाळी मास्टर झुलत घरी आले, आणि पायरीवर पाय ठेवतात तोच आतून ‘खट’ झालं.

डोळे तरंगत होते, पण कान शाबूत होते. त्या एका ‘खट’वरून मास्टरांना कळलं, की कडी तिरकी बसली आहे, आत अर्धीच जाते आहे आणि स्क्रू आखूड आहेत. खांद्याचा एक धक्का दिला असता तर दार उघडलं असतं. मास्टरांनी दार वाजवलं.

"कोण?" बायकोचा आवाज.

"मी."

"कसे?"

"कसे म्हणजे?"

"घेऊन की न घेता?"

मास्टरांनी विचार केला. "थोडी."

"मग दुकानात झोपा."

ते थांबले. नियमच होता तसा. जरा वेळाने बाजूची खिडकी किलकिली झाली आणि सासूबाईंचा हात बाहेर आला. सासूबाई लेकीकडेच राहायच्या, आणि लेकीपेक्षा जावयावर त्यांचा जीव अंमळ जास्त होता, कारण जावई त्यांना सासूबाई न म्हणता आई म्हणायचा आणि त्यांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकायचा.

"जावईबापू, ही उशी घ्या," त्या कुजबुजल्या. "पांघरूण देत नाही. ती चिडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने अटी सांगितल्या. दवाखान्यात तिने एक पत्रक पाहिलं होतं. ज्यांना दारू सोडायची आहे अशा लोकांची बैठक दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरते. मास्टरांनी तिथे जायचं.

"आणि पिऊन आलात," ती म्हणाली, "तर त्या दिवसापुरती कडी. खोटं बोललात तर कायमची. पिण्याचं मी समजू शकते, तो आजार आहे. खोटं बोलायला तुम्हाला कोणी इंजेक्शन दिलेलं नाही."

गुरुवारी मास्टर गेले. नाही असं नाही. वाचनालयाला वळसा घालून मागच्या खिडकीपर्यंत गेले, काचेतून आत बघितलं. गोलात मांडलेल्या खुर्च्या, एक किटली, आणि एका खुर्चीत बसलेले दातांचे डॉक्टर. मास्टरांनी त्यांच्या दवाखान्याचं दार दोनदा दुरुस्त केलं होतं आणि त्यांनी मास्टरांची दाढ एकदा. ‘डॉक्टरांनी आपल्याला इथे पाहिलं तर काय म्हणतील,’ असा विचार करून मास्टर तिथून सटकले. डॉक्टर तिथे कशाला बसले आहेत हा विचार त्यांना बारमध्ये पोचेपर्यंत शिवला नाही.

बारमध्ये त्यांनी घेतली ती कडी लागणार नाही इतकीच. वर पेपरमिंटच्या गोळ्या चघळल्या आणि बैठक संपायच्या सुमाराला घरी आले.

"कोण?"

"मी."

"कसे?"

"बैठकीहून."

दार उघडलं. सासूबाई सरसावून बसल्या. बायकोने हाताची घडी घातली. "कोण कोण होतं?" तिने विचारलं.

आता ‘पाच-सहा माणसं होती’ एवढं म्हणून मास्टर सुटले असते. पण रिकामी जागा दिसली की तिथे काही तरी बसवून बघायचं, ही हाताची सवय. त्यांनी एक पोस्टमन बसवला. पोस्टमनची बायको त्याला सोडून गेली होती, आणि घरात राहिला होता फक्त तिचा पोपट. पोपट हुबेहूब बायकोच्या आवाजात ओरडायचा, ‘पाय पुसून आत या.’ आणि पोस्टमन रोज संध्याकाळी तेवढं ऐकायला घाईघाईने घरी जायचा. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हे यश बघून मास्टरांनी ताबडतोब एक कॅप्टन आणला, ज्याला बोट लागायची म्हणून तो पिऊ लागला होता. पुढच्या गुरुवारी जुळे भाऊ आले. त्यांच्यातला एकच प्यायचा, पण सकाळी डोकं दोघांचं दुखायचं.

गुरुवार हा घरातला मोठा करमणुकीचा वार झाला. सासूबाई दुपारपासून वाट बघायच्या. बायको मात्र एकच विचारायची. "ती परत आली का हो?"

"कोण?"

"पोस्टमनची बायको."

"अजून नाही," मास्टर म्हणायचे आणि कॅप्टनकडे वळायचे.

असेच एका गुरुवारी मास्टर बारच्या कोपऱ्यात बसून कॅप्टनला आज बोटीवर चढवावं की बंदरातच ठेवावं याचा विचार करत होते, तेव्हा फोन वाजला.

"कुलूपवाले ना?" बाईचा आवाज खणखणीत होता. "आमच्या खोलीच्या कुलपात किल्ली तुटली. माणसं बाहेर उभी आहेत."

दाराबाहेर माणसं उभी आहेत म्हटल्यावर मास्टरांना नाही म्हणता यायचं नाही. रस्त्याचं नाव आणि नंबर एवढाच पत्ता लिहून घेतला, पेला तसाच ठेवला आणि निघाले. वाचनालयाच्या फाटकाशी येईपर्यंत आपण कुठे चाललो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा मागे फिरायची सोय नव्हती, कारण मागल्या बोळात किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी त्यांच्या हातातली हत्यारांची पिशवी बघून हाक मारली होती.

बाई निवृत्त कंडक्टर होत्या. आयुष्यभर बसमधल्या गर्दीला ‘पुढे सरका’ म्हणून झाल्यामुळे साधा नमस्कारही त्या वरच्या पट्टीत करायच्या. त्यांच्या शेजारी बिस्किटांचा पुडा घेतलेले बेकरीवाले, आणि त्यांच्या मागे दातांचे डॉक्टर. आणखी दोघं-तिघं भिंतीला टेकून उभे होते.

"अरे, मास्टर," डॉक्टर म्हणाले.

"मी कामासाठी आलोय," मास्टर म्हणाले. कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"आम्ही पण," कंडक्टरबाई म्हणाल्या.

काम किरकोळ होतं. तुटलेला तुकडा चिमट्याने धरून बाहेर ओढायचा. पण मास्टरांचा हात थरथरत होता आणि चिमटा कुलपावर टिकटिक वाजत होता. बोळ अरुंद, त्यामुळे ती टिकटिक सगळ्यांना ऐकू जात होती. बेकरीवाले आभाळाकडे बघू लागले. डॉक्टरांनी आपले बूट तपासले.

"हवा गार आहे," मास्टर पुटपुटले.

"हो," कंडक्टरबाई म्हणाल्या. "इथे सुरुवातीला सगळ्यांनाच गार वाटते."

तुकडा निघाला, दार उघडलं, पण कुलूप कामातून गेलं होतं. नवीन बसवायला ठोकाठोक करावी लागणार, आणि बैठकीची वेळ तर झालेली. "संपल्यावर बसवा," बाई म्हणाल्या. "तोवर बसा." दार उघडं टाकून जायचं नाही, हाही धंद्यातला रिवाजच. मास्टर दाराजवळच्या खुर्चीवर नवं कुलूप मांडीवर घेऊन बसले, म्हणजे आपण बैठकीतले नाही हे दुरूनही दिसावं.

बैठकीने त्यांची घोर निराशा केली. बेकरीवाल्यांनी सांगितलं, की काल पहाटे पावाच्या पिठात मीठ घालायचं राहिलं आणि सगळा घाणा वाया गेला. "प्यायचो तेव्हा असं कधी झालं नाही," ते खेदाने म्हणाले. "तेव्हा कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी सगळं दोन-दोनदा तपासायचो. आता शुद्धीवर आहे, तर बेसावध झालोय." सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, की आज दारूच्या दुकानासमोरून जाताना त्यांनी रस्ता ओलांडला. मास्टर पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतंच. रस्ता ओलांडला, एवढंच, आणि लोकांनी त्याला मान डोलावली. ‘यांना सांगताच येत नाही,’ मास्टर मनात म्हणाले. ‘माझा पोस्टमन इथे असता तर खोली गदगदली असती.’

"कुलूपवाले, तुम्हाला काही बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

"छे, मी आपला कुलपासाठी."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

ते ‘बरं’ मास्टरांना नवीन होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या कुठल्याही उत्तरावर कोणी नुसतं ‘बरं’ म्हणालं नव्हतं. त्यांनी पुढची चार खोटी तयार ठेवली होती, आणि ती कोणी मागितलीच नाहीत. ते मांडीवरचं कुलूप उघड-बंद करत बसले. मग कोणी न विचारता, कुलपाकडे बघतच, त्यांनी तिजोरीची गोष्ट सांगितली. बाटली, किल्ली, कालवा, सगळी.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "उघडायला किती वेळ लागला?"

"चांगली तिजोरी होती हो," मास्टर म्हणाले, आणि पहिले बेकरीवाले हसले, मग सगळे, मग मास्टरसुद्धा. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "हात थंडीने नाही थरथरत."

"बरं," बाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी चहाचा कप मास्टरांच्या हातात दिला, तो अर्धाच भरलेला, म्हणजे हिंदकळू नये.

नवं कुलूप बसलं. मास्टरांनी वडिलांच्या पद्धतीप्रमाणे तीनदा लावून, तीनदा उघडून बघितलं. दोन किल्ल्या निघाल्या. बाईंनी एक स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि दुसरी मास्टरांच्या खिशात घातली.

"मला कशाला?" मास्टर म्हणाले. "मला किल्ली नसली तरी—"

"ठाऊक आहे. माझी बस कधी कधी उशिरा येते. तुम्ही वेळेवर उघडलं नाहीत तर ही माणसं बोळात उभी राहतील."

मास्टरांच्या ताब्यात साऱ्या वस्तीची दारं होती, पण आपण नाही गेलो तर दार बंद राहील अशी एकही खोली आजवर नव्हती. पुढच्या गुरुवारी ते सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले.

आता खरा पेच घरात सुरू झाला. मास्टर खऱ्या बैठकीहून यायचे आणि खोट्या बैठकीची हकिगत सांगायचे. खरी माणसं आणावीत, तर सासूबाई विचारणार, "ही कोण? आणि पोस्टमन कुठाय?" म्हणून पोस्टमनला रजेवर पाठवता येईना. त्यात मास्टरांची प्रतिभाही आटत चालली होती. कॅप्टन एका वाक्यात आटपायचा. जुळ्या भावांपैकी एकच यायचा. सासूबाईंना काळजी वाटू लागली की मंडळी पुन्हा पिऊ लागली की काय.

मध्ये एकदा मास्टर स्वतःच घसरले. कोणाच्या तरी नव्या दुकानाची सगळी कुलपं बसवून दिली होती आणि मालकाने पेला पुढे केला. दाराशी ‘कसे?’ला त्यांनी सरळ ‘घेऊन’ म्हणून सांगितलं. उशी आली, आणि या वेळी उशीबरोबर पांघरूणही आलं. ते खिडकीतून देणारा हात सासूबाईंचा नव्हता. गुरुवारी त्यांनी खोली उघडली आणि ही गोष्ट सांगितली. बेकरीवाले म्हणाले, "मी घसरलो तेव्हाची गोष्ट सांगू, की तुमची आधी संपवता?" तिथून पुढे बारमध्ये ते काही दिसले नाहीत. डॉक्टरांसारखे तेही रस्ता ओलांडू लागले, आणि ही किती लांबलचक गोष्ट आहे ते त्यांना कळलं.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासूबाईंनी लाल लोकर आणली.

"पोस्टमनला मफलर विणतेय," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गारठ्यात सायकलवरून हिंडतो बिचारा. घसा धरतो म्हणालात ना?"

मास्टर तसं म्हणाले होते खरे. एका गुरुवारी काही सुचेना, तेव्हा त्यांनी त्याचा घसा बसवला होता.

"आई, त्याला लोकरीची खाज येते."

"मग आतून मऊ कापड लावते."

"आणि लाल रंग..."

"लालच हवा. लांबून दिसेल, कोणी गाडी अंगावर घालणार नाही."

मफलर रोज वीतभर वाढत होता. मास्टर त्याच्याकडे फाशीच्या दोराकडे बघावं तसं बघायचे. बायकोने बोलणंच कमी केलं होतं. ती आता पोस्टमनच्या बायकोबद्दलही विचारत नव्हती. एकदा ताट मांडता मांडता ती नुसतं म्हणाली, "हल्ली तुम्ही सांगता ना, ते खालची ओळ वाचल्यासारखं सांगता." खालची ओळ म्हणजे बारीक अक्षरांची. तिच्या दुकानात सगळी गिऱ्हाइकं ती अंदाजाने वाचतात.

मफलर तयार झाला. सासूबाईंनी तो कागदात गुंडाळून मास्टरांच्या हातात दिला आणि वर निरोप दिला, "म्हणावं, पोपटाला मिरची देऊ नकोस, आवाज बिघडतो."

बैठकीत मास्टरांनी मफलर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पोस्टमन, पोपट, कॅप्टन, दोघे जुळे. मंडळींनी कॅप्टनला बोट लागते म्हटल्यावर खुर्चीचे हात धरून हसून घेतलं. मग मास्टर म्हणाले, "तिने सांगितलंय, खोटं बोललात तर कायमची कडी." तेव्हा हसू थांबलं.

"मी घालतो मफलर," बेकरीवाले म्हणाले. "तुमच्या घरी येऊन जातो. पोपटाचं मी सांभाळून घेईन."

"तुम्ही पोस्टमन दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"पोस्टमन दिसायला काय लागतं?"

"सायकलवर बसता यायला लागतं."

कंडक्टरबाईंनी मफलर उचलून नीट घडी घातली. "मास्टर, विनातिकीट माणसं दोन प्रकारची. एक मला बघून उडी मारून पळतो. दुसरा खिसे चाचपतो. ‘होतं हो बाई, आत्ता होतं.’ तुम्ही चाचपणाऱ्यांतले. तुमचा स्टॉप येईस्तोवर चाचपत राहाल."

"मग काय करू?"

"तिकीट काढा. उशिरा काढलेलंसुद्धा तिकीटच असतं. जो स्वतः हात वर करून म्हणाला की माझं राहिलंय, त्याला मी कधी खाली उतरवलं नाही."

"तुम्ही नाही उतरवलंत. ती उतरवेल."

"उतरवेलही," बाई म्हणाल्या. त्या कोणाला खोटा धीर देत नसत. "मग चालत जा. पण मफलर घेऊन जा."

मास्टर घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. दार नुसतं लोटलेलं होतं. ‘कसे?’ विचारायला बायको समोर आली, पण मास्टर पायरीवरच थांबले. आत जाऊन सांगितलं तर ते चोरून घुसल्यासारखं झालं असतं.

"न घेता," ते म्हणाले. "आणि पोस्टमन नाहीये."

"आज आला नाही?"

"कधीच नव्हता. कॅप्टनही नाही. जुळे भाऊही नाहीत. सुरुवातीचे सगळे गुरुवार मी बारमध्ये होतो. नंतरचे खरे आहेत. नंतर बेकरीवाले आहेत, दातांचे डॉक्टर आहेत, कंडक्टरबाई आहेत. पण त्यांच्याबद्दल मी तुला एक अक्षर सांगितलं नाही." त्यांनी कागदातला मफलर पुढे केला. "हा परत आणलाय."

बायकोने मफलर घेतला नाही. दार लावलं. आतून ‘खट’ झालं.

मास्टर उभे राहिले. दार वाजवायचंही त्यांना सुचलं नाही. आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं गं? कोण गेलं?" आणि बायकोचा, "पोस्टमन."

"एक विचारू?" बायको दारामागूनच म्हणाली. म्हणजे ती तिथेच उभी होती.

"विचार."

"तुमच्याच हातातली गोष्ट होती ना ती? मग त्याची बायको कशाला घालवलीत? घरात ठेवायची होती."

मास्टर दाराकडे बघत राहिले. "घालवली असं नाही," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी तोंडातून तसं निघालं. मला वाटतं, मला तेवढंच एक खरं ठाऊक होतं. म्हणजे, पुढे काय होणार ते."



"आणखी एक सांगायचं राहिलंय," मास्टर म्हणाले. "ही कडी नीट बसलेली नाही. तिरकी आहे. आत अर्धीच जाते. स्क्रूही आखूड आहेत. खांदा लावला तर उघडेल."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. आवाजावरून."

"मग लावला का नाही खांदा?"

"कडी होती ना," मास्टर म्हणाले. "तू आत होतीस."

बऱ्याच वेळाने कडी सरकली. बायकोच्या हातात त्यांचाच स्क्रू ड्रायव्हर होता. डोळे लाल होते, पण हात चष्म्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू पिळणाऱ्या बाईचा असावा तसा स्थिर होता.

"नीट बसवून द्या," ती म्हणाली. "दुसऱ्यांची दारं करता, आपल्याच दाराचे स्क्रू आखूड."

मास्टर आत आले. पिशवीतून त्यांनी लांब स्क्रू निवडले, कडी काढली, जुनी भोकं बुजवली, नवी पाडली. हात अजूनही किंचित थरथरायचा, म्हणून बायकोने कडी धरून ठेवली. सासूबाई मफलर मांडीवर घेऊन बघत बसल्या होत्या. जावयाने तयार केलेला, पोपटासकट आपला वाटू लागलेला माणूस असा उभ्या उभ्या नाहीसा झाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"त्या पोपटाचं तरी..." त्यांनी एकदा विचारून बघितलं.

"नाही हो, आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि ते अगदी कंडक्टरबाईंसारखं आलं.

कडी बसली. "तपासायला हवी," मास्टर म्हणाले. "बाहेरून. तीनदा."

"मग जा बाहेर."

मास्टर पायरीवर गेले. आतून कडी लागली. त्यांनी खांदा लावून ढकललं. दार तसूभरही हललं नाही. "बसली," ते म्हणाले. कडी उघडली. पुन्हा लागली, पुन्हा ढकललं. दार भिंतीसारखं. पुन्हा उघडली.

तिसऱ्यांदा कडी लागली. मास्टरांनी ढकललं. "बसली," ते म्हणाले.

या वेळी ती उघडली नाही. आत कुजबुज चालू होती. "लाल रंग चालेल का विचार," सासूबाई म्हणत होत्या. "कंडक्टरबाईंना. घसा त्यांचाही दुखत असेल, एवढं ओरडून." बायको म्हणाली, "थांब गं, आई."

मास्टरांनी नियमाप्रमाणे दार वाजवलं, आणि थांबले.

"कोण?"

"मी."

"कसे?"

"भूक लागलीय," मास्टर म्हणाले.

कडी सरकली. आवाज चांगला आला.